कसाऱ्याच्या चढावर वीज आणि डिझेल

भातसा धरण बांधायला आलेल्या माणसांसाठी भातसानगर वसलं. त्या धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचं वीजगृह आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं. तिथे विजेचे पंप ते उचलतात आणि ते मुंबईच्या नळांना जातं. एवढी वीज आणि एवढं पाणी ज्या तालुक्यातून जातं, त्या शहापुरात आणि शेजारच्या मुरबाडात विजेवरच्या गाडीचा विषय निघाला की बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असतं. ही शहरातल्या लोकांची गाडी आहे, घाटात दम टाकेल, पावसाळ्यात लाईट गेली की अंगणात उभी राहील, बॅटरी गेली की भंगारात जाईल. डिझेलची गाडी कशीही असली तरी घरी पोचवते. या शंका अडाणीपणातून आलेल्या नाहीत. ज्यांचा दिवस गाडीवर अवलंबून आहे आणि ज्यांनी गाडीचे हप्ते स्वतः फेडले आहेत, त्यांचा हा हिशेब आहे, म्हणून त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं. त्यासाठी लांब जायची गरज नाही. याच तालुक्यातल्या कसाऱ्याच्या चढावर इंधन जाळणारं इंजिन आणि विजेवरची मोटर यांचा सामना शंभर वर्षांपूर्वी झाला, त्याचा निकाल लागला आणि तो अजून टिकून आहे. त्याच चढावरच्या रस्त्यावर मात्र निकाल उलटा लागला. एकाच डोंगरावर असे दोन निकाल का लागले, हे नीट पाहिलं तर आजच्या शंकांपैकी कोणती खरी आणि कोणती चुकीच्या जागी बोट ठेवणारी, हे कळतं.

रेल्वे 1853 साली ठाण्याला आली, 1855मध्ये वासिंदला आणि 1861च्या आरंभी कसाऱ्याला. पुढचा घाट चढून इगतपुरी गाठायला 1865 उजाडलं. कसारा ते इगतपुरी हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण तेवढ्यात रूळ जवळजवळ 300 मीटर वर जातात. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट आहे. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकाला तो भयंकर असतो. बाष्पइंजिनाची तिथे तिहेरी कोंडी होई. चढताना लागणारी जास्तीची ताकद म्हणजे जास्तीचा कोळसा आणि पाणी, आणि ती दोन्ही इंजिनाने आपल्याच पाठीवर वाहून न्यायची. बोगद्यांमध्ये धूर कोंडे आणि तो ड्रायव्हर-फायरमनच्या छातीत जाई. उतरताना तर सगळी भिस्त ब्रेकवर. ब्रेक सुटलेली गाडी वळवून थोपवण्यासाठी घाटात जादा रुळांचे फाटे काढावे लागले. आजही वर जाणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात आणि त्यांना मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडली जातात. खाली येणाऱ्या गाड्यांचे ब्रेक इगतपुरीला तपासले जातात. इंजिन बदललं तरी चढ तोच असल्यामुळे ही शिस्त राहिली.

3 फेब्रुवारी 1925 रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली विजेची गाडी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. टाटांचं खोपोलीचं वीजगृह त्याआधी दहा वर्षं चालू होतं. मुंबईच्या उपनगरांची गर्दी हे विजेकडे वळण्याचं एक कारण होतंच, पण कंपनीने 1930पर्यंत तारा थेट पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत नेल्या, त्या काही लोकलसाठी नव्हत्या. त्या बोरघाट आणि कसारा घाट या दोन चढांसाठी होत्या. घाटातल्या मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्याच्या आराखड्यावर लांब नाकाची, मधे सांधा असलेली इंजिनं आणली गेली. रेल्वेच्या कागदावर ती ईएफ-1, पुढे डब्ल्यूसीजी-1. कामगारांनी मात्र त्यांना खेकडा म्हटलं. 2,600 अश्वशक्तीचा हा खेकडा कित्येक दशकं घाटात राबला. त्याची एक करामत आजच्या गाड्यांच्या जाहिरातीत नवलाईची म्हणून सांगितली जाते. उतरताना त्याची मोटर उलटी जनित्रासारखी चाले, गाडीचा वेग आवरे आणि तयार झालेली वीज तारेत परत जाई. ती वीज त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. हजार टनांची गाडी 300 मीटर खाली उतरते तेव्हा भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे 800 युनिट ऊर्जा मोकळी होते. बाष्पइंजिनाच्या काळात ती सगळी ब्रेकच्या ठोकळ्यांत तापून वाया जाई आणि ठोकळेही झिजवून टाकी. विजेने त्यातला काही भाग तरी परत मिळवला. आता याच गणिताने दीड टनाची मोटार पाहू. कसारा घाट चढायला तिला सव्वा युनिट जादा लागतं, वाटेतली नासाडी धरली तर दीड. सपाटीवर दहा किलोमीटर जायला तेवढीच वीज लागते. उतरताना त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक बॅटरीत परत येतं. म्हणजे घाटामुळे गाडीचा पल्ला दहाएक किलोमीटरने कमी होतो आणि परतीच्या वाटेवर त्यातले पाच परत मिळतात. विजेची गाडी घाटात दम टाकेल ही शंका सगळ्यांत मोठ्या आवाजात विचारली जाते, पण तिचं उत्तर सगळ्यांत स्पष्ट आहे. मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर असतो. चढ ही विजेची कमजोरी कधीच नव्हती.

दुसरी शंका जास्त खोल आहे. वीज कोळशातूनच येते, मग धूर बंद झाला कुठे? तो फक्त दुसऱ्याच्या दारात गेला. हा आक्षेपही नवा नाही, आणि त्याचं स्मारक कल्याणजवळ उभं होतं. रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला चोळा पॉवर हाऊस बांधलं, ते कोळशावर चालणारं. कसाऱ्याचा चढ ज्या विजेवर चढला, तिच्यातला मोठा वाटा ठाकुर्लीच्या चिमणीतून आला. तरीही फायदा झाला, कारण बाष्पइंजिन कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही चाकापर्यंत पोचवत नसे. वीजगृहातले मोठे बॉयलर आणि टर्बाइन त्यापेक्षा पुष्कळ काटकसरी होते. शिवाय झरिया-राणीगंजकडून आणलेला कोळसा प्रत्येक इंजिनाच्या पाठीवर घाट चढवायची गरज संपली. आजचा हिशेब इतका एकतर्फी नाही, हे प्रामाणिकपणे मांडलं पाहिजे. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते आणि एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्यम आकाराच्या मोटारीला, तारेतली आणि चार्जिंगमधली गळती धरून, 100 किलोमीटरला 18 युनिट लागतात असं मानलं तर साडेबारा किलो होतात. तेवढ्याच अंतराला डिझेलची मोटार साडेपाच लिटर पिते, आणि एका लिटरमागे सुमारे 2.7 किलो, म्हणजे पंधरा किलोच्या जवळ जाते. फरक आहे, पण बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण मोजलं तर तो आणखी आक्रसतो. विजेची गाडी घेतली म्हणजे हवा स्वच्छ झाली असं सांगणारे लोक शंका घेणाऱ्यांना फसवतात, आणि त्यामुळे शंका वाढते. खरी गोष्ट अशी की डिझेलची गाडी ज्या दिवशी घेतली त्या दिवशी जेवढी घाण करते, तेवढीच किंवा त्याहून जास्त ती पंधराव्या वर्षी करते. विजेच्या गाडीचं पाप मात्र वीजगृहाबरोबर कमी होत जाऊ शकतं. ठाकुर्लीचं वीजगृह विसाव्या शतकातच बंद पडलं, घाटातल्या गाड्या आता ग्रिडची वीज घेतात, आणि या बदलासाठी एकही डबा बदलावा लागला नाही.

आता क्रम पाहा, कारण माझ्या मते सगळा मुद्दा क्रमातच आहे. कंपनीने खेकडे आणून मग वीज शोधली नाही. वीजगृह, उपकेंद्रं, मार्गावरचे खांब आणि तारा, दुरुस्तीचे कारखाने, शिकवलेली माणसं हे सगळं उभं करूनच गाडी हलवली गेली. देशातल्या बहुतेक मार्गांवर बाष्पइंजिनानंतर आधी डिझेल आलं: 1957 पासून अमेरिकेहून मागवलेली इंजिनं, 1964 पासून वाराणसीत बांधलेली, आणि वीज कितीतरी नंतर. कसारा घाटात रुळांवरून डिझेलचं राज्य आलंच नाही. तिथे वाफेनंतर थेट वीज आली आणि तीच टिकली. डिझेलचा तंत्र म्हणून तिथे पराभव झाला असं म्हणता येणार नाही; डिझेलची वेळ येण्याआधीच विजेची व्यवस्था उभी होती.

रस्त्यावर नेमकं उलट घडलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा बसच्या पाठीला भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवाव्या लागल्या. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस सुटली, तेव्हा डिझेल ही खेड्यातल्या माणसाच्या ओळखीची वस्तू नव्हती. ती झाली तिच्याभोवती तयार झालेल्या जाळ्यामुळे. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवर, भातगिरणीत डिझेल इंजिन आलं. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. मग पुण्याच्या बजाज टेम्पोच्या गाड्या आणि मॅटाडोर आल्या, पुढे जीपची काळी-पिवळी, 2005 नंतर छोटा हत्ती. विहिरीवरच्या इंजिनाचं नोझल साफ करणारा मिस्त्रीच पुढे जीपचं हेड खोलू लागला. आग्रा रोडवर पंप, ढाबे, पंक्चरवाले, टायरवाले एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. आणि डिझेल स्वस्त होतं, कारण सरकारने ते स्वस्त ठेवलं होतं. पेट्रोलच्या किमतीवरचं नियंत्रण जून 2010मध्ये उठलं, डिझेलवरचं ऑक्टोबर 2014मध्ये. शेतकरी आणि मालवाहतूक यांच्यासाठी दिलेल्या सवलतीवर मधल्या काळात लाखो खासगी मोटारी चालल्या. विजेच्या गाडीला अनुदान आणि टोलमाफी मिळते म्हणून ती खोट्या जोरावर चालते, असा आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्याने डिझेलचा हा पूर्वेतिहासही मोजायला हवा. दोन्हींचा पाया धोरणानेच घातला.

यावर एक जाणकार आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. रस्त्यावर वीज येऊन, चालून, हरून गेली आहे. मुंबईत 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि 31 मार्च 1964 रोजी शेवटची धावली. गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस 1962मध्ये आली आणि 1971च्या मार्चमध्ये बंद झाली. त्या बस सारख्या बिघडत. दोन्ही वेळा डिझेलच्या बसने जागा घेतली. मग तिसऱ्यांदा विश्वास का ठेवावा? उत्तर असं की त्या दोन्ही गाड्या वरच्या तारेला बांधलेल्या होत्या, ट्राम तर रुळालाही. समोर हातगाडी आडवी आली तर ट्रामला बाजूने जाता येत नसे, आणि एक ट्राम अडली की मागची रांग अडे. घाटातल्या रेल्वेला तार ही सोय होती, कारण तिची वाट ठरलेलीच होती. रस्त्यावरच्या वाहनाला तीच तार बेडी झाली. हरली ती तार. मोटरचा तिथे काही दोष नव्हता. म्हणून आजचा खरा प्रश्न मोटरचा नसून वीज सोबत वाहून नेण्याचा आहे, आणि बॅटरीवर शंका घेणारा माणूस बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. बॅटरी जड असते, महाग असते, उन्हाने आणि वयाने क्षीण होते. डिझेलच्या टाकीत मात्र दहा वर्षांनीही तेवढंच डिझेल मावतं. साठवलेली वीज पूर्ण परत मिळत नाही, हेही खरं. पण साठवण तोट्याची असूनही करावी लागते, याचा मोठा पुरावा शहापूर तालुक्यातच आहे. घाटघर प्रकल्पाचा वरचा जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात, खालचा चोंढे गावाजवळ आपल्याकडे. मागणी कमी असते तेव्हा जादा विजेने पाणी चारशे मीटरच्या वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून 250 मेगावॉट वीज करायची. चढवायला लागते त्याहून कमीच परत मिळते. तरी 2008 पासून हा उद्योग चालू आहे, कारण वीज हव्या त्या वेळी मिळणं याची किंमत त्या तोट्याहून मोठी आहे.

वीज आणि इंधन दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रीड गाड्यांना 'ना धड हे, ना धड ते' म्हणून हिणवलं जातं. इगतपुरीचा इतिहास वेगळं सांगतो. मुंबईकडची वीज 1,500 व्होल्टची डीसी होती; पुढे भुसावळकडून 25 हजार व्होल्टची एसी आली आणि दोन्ही इगतपुरीत भेटल्या. वर्षानुवर्षं तिथे प्रत्येक गाडीचं इंजिन बदलत असे. मग दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम मालिकेची इंजिनं आली, आधी 1970च्या दशकात पश्चिम रेल्वेसाठी, 1990च्या दशकात भेलने मध्य रेल्वेसाठीही बांधली. ती महाग होती, आत दोन प्रकारची यंत्रणा असल्यामुळे जडही होती. पण सांध्यावर गाडी खोळंबायची थांबली. घाटात आणि मुंबईतही एसी आल्यावर त्यांचं खास काम संपलं. ज्याच्या रोजच्या वाटेवर पंप आहेत आणि चार्जर नाहीत, त्याला हायब्रीड तसाच पूल देते. पुलावर घर बांधायचं नसतं, पण नदी आहे तोवर पूल लागतो.

उरतात दोन शंका, लाईटची आणि मिस्त्रीची. त्या शंका मी सगळ्यांत वजनदार मानतो. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात वीस-पंचवीस युनिट गाडीत भरता येतात, शे-सव्वाशे किलोमीटरची बेगमी. अंगण असलेल्या खेड्यातल्या घराला हे मुंबईच्या विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटपेक्षा सोपं आहे, ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. पण डोळखांबकडच्या किंवा टोकावड्याकडच्या पाड्यावर पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि डीपी जळाली तर प्रकरण दिवसांवर जातं. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की पंखाही मंद फिरतो, मग गाडीचं चार्जिंगही रेंगाळतं. एकाच डीपीवर पाच घरांनी गाड्या लावल्या तर काय होईल याचं उत्तर गाडी विकणारा देत नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरने पाणी द्यावं लागतं. तो टँकर वेळी-अवेळी, कच्च्या रस्त्याने, भरल्या वजनाने धावतो. त्या कामाला आज डिझेलच योग्य आहे आणि ते बदला म्हणणं क्रूरपणाचं होईल. मिस्त्रीच्या बाबतीत मात्र तुलना चुकते. लोकांच्या डोक्यात असलेली डिझेल गाडी म्हणजे पाना-पक्कड घेऊन रस्त्याकडेला खोलता येणारी जुनी जीप. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर तशी गाडी नव्याने विकतच मिळत नाही. नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर आहे, सेन्सर आहेत, मोठ्या गाड्यांत युरियाचं द्रावण भरावं लागतं. हा फिल्टर स्वच्छ राहायला गाडी अधूनमधून हमरस्त्यावर सलग तापावी लागते. गाव ते शहापूर बाजार अशा छोट्या खेपांत तो तुंबतो. मारुतीने तर तेव्हाच डिझेल मोटारी बनवणं थांबवलं. कॉम्प्युटर लावल्याशिवाय दोष न सांगणाऱ्या दोन गाड्यांतून निवड करायची असेल, तर एकीलाच परकी म्हणणं न्यायाचं नाही.

या तालुक्यांत सुरुवात कुठून करावी याचं उत्तरही घाटातल्या इतिहासातच सापडतं: जिथे वाट ठरलेली, वेळ ठरलेली आणि परतायची जागा ठरलेली, तिथून. 2022च्या 1 जूनला एसटीची पहिली शिवाई बस त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि तिला आगारातल्या चार्जिंगचा आधार होता. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणला जाणारा प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक नोकरदार एसटीने, जीपने किंवा स्वतःच्या गाडीने जातो. तो रस्ता बराचसा सपाट आहे, अंतर एका चार्जमध्ये अनेक फेऱ्या होतील एवढंच आहे आणि प्रत्येक फेरी आगारात परतते. शहापूर ते आसनगाव स्टेशन तर त्याहून जवळ, आणि दिवसभर गर्दीचं. या दोन मार्गांवर वीज चालली नाही तर ती टोकावड्याच्या पाड्यावर चालणारच नाही, आणि चाललेली लोकांनी रोज डोळ्यांनी पाहिली तर कुणाला पटवावं लागणार नाही. पण आधी बस आणून मग चार्जर शोधायचा असेल तर ती योजना फसेल आणि शंका घेणारे बरोबर ठरतील. महावितरणने मुरबाड आणि शहापूरच्या आगारांना गावाच्या लाईनपासून स्वतंत्र फीडर द्यावा, तिथलं रोहित्र त्या भाराचं असावं, आगाराच्या कार्यशाळेतली माणसं शिकून तयार असावीत, आणि या तिन्ही गोष्टी एका पावसाळ्यात तपासून झाल्यावरच पहिली बस मागवावी.